मखमलीतली टुकटुक

मी कॅसेट बोलतेय. हो, तीच, जिच्या भोकात पेन्सिल घालून तुम्ही गरगर फिरवायचात. हसू नका, माझं डोकं आधीच तापलंय. पंचवीस वर्षं जिला कपाटावर बसवून ठेवलं, ती काय गोड बोलणार?

माझा जन्म बहारीनचा. पनवेलचा हाफिज तिथल्या एका हॉटेलात वायरमन होता. हॉटेलात उतरलेल्या एका इंग्रज साउंडवाल्याकडे त्याच्या विलायतेतल्या गावच्या चार पोरांची गाणी होती. ना ढोल, ना गिटार, सगळं सिंथेसायझरवर, घरातच बसून वाजवलेलं. हाफिजनं ती माझ्यावर उतरवून घेतली. पुढे ती पोरं विलायतेत गाजली, पण ही पहिली गाणी त्यांनी कधी बाजारात आणलीच नाहीत. म्हणजे माझ्या पोटात काय होतं, आलं ना लक्षात?

घरी परतायच्या वेळी माझी डबी फुटली. हाफिजनं हाताला लागली त्या डबीत मला घातलं. ती होती नातांची, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या तारिफेच्या गीतांची. तिथंच माझं नशीब फिरलं.

पनवेलला बॅगा उघडल्या तेव्हा सगळं खानदान गोळा झालं होतं. हाफिजच्या बायकोनं, कुबरानं, साड्या आणि अत्तर बाजूला सारून माझी डबी उचलली. "माझ्यासाठी हे आणलंत?" म्हणताना तिचे डोळे भरून आले. आता चारचौघांत कुठला नवरा 'नाही' म्हणेल? हाफिजनं मान डोलावली. कुबरानं मला डोळ्यांना लावलं, हिरव्या मखमलीत गुंडाळलं आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवलं.

ती मला लावायला निघाली की हाफिज म्हणायचा, प्लेअरचा पट्टा तुटलाय. ती माहेरी उरणला गेली की तोच पट्टा जागेवर यायचा. मग दार लावून, आवाज बारीक करून तो मला ऐकायचा, उशीवर बोटांनी ताल धरायचा. तेवढंच माझं जगणं. पुढे प्लेअर भंगारात गेला आणि मी वरच राहिले. धूळसुद्धा नशिबी नव्हती, कारण कुबरा दर जुम्म्याला मखमल झटकायची.

दोन हजार नऊ साली हाफिजला लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उरलं गुणगुणणं आणि डावा हात. त्या हातानं तो माझ्याकडे बोट दाखवायचा. कुबरा लगबगीनं मला खाली घ्यायची, त्याच्या डोळ्यांना लावायची, "अल्ला शिफा देईल, बरं करील" म्हणायची आणि परत वर ठेवायची. तो मान हलवून हलवून थकायचा. अगं बाई, लाव ना मला! पण सांगणार कोण? तोही मुका, मीही मुकी.

त्याचा पुतण्या नावेद खारघरच्या एका कंपनीत कामाला होता आणि नेमका त्या चार पोरांच्याच बँडचा वेडा. चाचांचं गुणगुणणं ऐकून तो चपापला. धाटणी ओळखीची, पण मधली एक वळणावळणाची जागा कुठल्याच रेकॉर्डवर नव्हती. त्यानं मोबाइलवर एकेक गाणं लावलं. हाफिज दरवेळी मान हलवून नाही म्हणायचा. पोरगं इंटरनेट पालथं घालत बसलं. त्या बँडची हरवलेली पहिली गाणी अख्खी दुनिया शोधत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"चाची, चाचांची एखादी इंग्लिश कॅसेट होती का गं?"

"तसलं काय नाय आपल्या घरात," कुबरा म्हणाली. म्हणाली ती माझी मखमल सारखी करता करता. मला रीळ तोडून घ्यावंसं वाटलं.

मग ईद-ए-मिलाद आली. "चाचांना नात ऐकव रे, कुठून तरी प्लेअर आण," कुबरानंच फर्मावलं. नावेदनं खांदा कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याकडून एक आणला. अगरबत्ती लागली. कुबरानं डोक्यावर पदर घेतला, मला बाहेर काढलं आणि बटण दाबलं.

टुक-टुक, टुक-टुक.

नावेद उडालाच. कुबरा हाफिजकडे बघत राहिली. तो रडत होता आणि डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर ताल धरत होती. तेव्हा प्लेअरचा पट्टा दरवेळी का तुटायचा, ते तिला एकदम उमगलं.

"तुमी मला एवढं फसवलंत?" ती म्हणाली. आवाजात राग होता, पण तिनं बटण बंद केलं नाही.

आणि ऐन रंगात, त्या वळणावरच, माझी फीत अडकली, गोळा झाली, तुटली. एवढी वर्षं न वाजवता ठेवल्यावर दुसरं काय होणार? नावेद डोकं धरून बसला.

तेवढ्यात पलंगावरून पुढचं ऐकू आलं. हाफिज गुणगुणत होता, शेवटापर्यंत, एकही जागा न चुकवता.

"जोड तिला," कुबरा नावेदला म्हणाली.

त्यानं चिकटपट्टीनं मला जोडलं, पण त्या वळणापासून शेवटापर्यंतचा चुरगळलेला तुकडा कापावा लागला. तो शेवट आता माझ्याकडेही नाही, जगात फक्त हाफिजच्या गुणगुणण्यात आहे. मखमल गेली, कपाटाचा माथा सुटला. मी हाफिजच्या उशाशी, प्लेअरमध्येच असते. सांधा कुठल्याही दिवशी सुटेल, म्हणून सांगते, तुमच्याकडे कुणाला जपून वर ठेवलं असेल तर खाली काढा आणि वाजवा.

रोज दुपार कलली की, असरच्या नमाजनंतर, कुबरा बटण दाबते. सांधा आला की बंद करते आणि नवऱ्याकडे वळून म्हणते, "हं, पुढचं तुमी म्हणा."