मचाणावरचे दाजी

जिन्यात पडलेला एकच पायमोजा. कुठल्याशा बंद दारामागे उशीखाली दडपल्यासारखा वाजणारा फोन. दुसऱ्या मजल्यावर उलटी बसवलेली बिजागरी. कबुतर. फाटकापाशी सायकलच्या चेनला शिव्या घालणारा म्हातारा.

हे सगळं दाजींनी टिपलं, चेनही बसवून दिली. चाळीस मिनिटांत ध्यानात आली नाही ती एकच गोष्ट: बंद लिफ्टच्या छतावर, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या अधेमधे, त्यांचा मेहुणा बसला होता. वीज तोडून मुख्य बटणाला कुलूप दाजींनीच घातलेलं, किल्ली त्यांच्याच खिशात. नियमाप्रमाणे. नियमात चेनचा उल्लेख नव्हता.

लिफ्टदुरुस्तीत माणसं जोडीनं राबतात. मेहुणा छतावर बसून यादीवर खुणा करतो. दाजी चौथ्या मजल्याच्या दारातून बॅटरी धरतात आणि भलतीकडे बघतात. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी या बघण्याचं नाव सांगितलं, एडीएचडी. वर सिद्धान्तही दिला: आदिमानवांत म्हणे अशीच माणसं शिकारीत पटाईत. पान हललं की यांची मान वळायची. पुढे शेती आली आणि बिचारी बदनाम झाली. दाजींची छाती फुगली. बायको म्हणाली, "हरणाचं मागाहून बघा, आधी उतू गेलेलं दूध पुसा."

मेहुण्याच्या खिशात मात्र जोडीदार बदलून मिळावा असा अर्ज होता, आजच कचेरीत द्यायचा. दाजींना ते ठाऊक होतं. दुसरा कुणी त्यांना आठवडाभरही सांभाळून घेणार नव्हता, आणि जोडीदाराविना या कामावर कुणाला ठेवत नाहीत.

आज सकाळी बॅटरी नेहमीसारखी भलतीकडेच वळली आणि लिफ्ट पेलणाऱ्या सहा पोलादी दोरांपैकी एकावर केसाएवढं काहीतरी चमकलं. "थांब," दाजी ओरडले. तुटलेल्या तारा. मेहुणा म्हणाला, "कुलूप घाला, 'लिफ्ट बंद'ची पाटी आणा, मग मला वर घ्या. तोवर मी तारा मोजतो."

चाळीस मिनिटांनी दाजींनी दार उघडून खाली वाकून पाहिलं.

"आहेस ना रे?"

"छे, हरणं वळायला गेलोय! फोन कुठे टाकलात, किती वेळा लावला! आणि पाटी कुठाय?"

पाटी सायकलवाल्याकडे राहिली होती.

"सावज बांधून शिकारीच पळाला! धन्य तुमचे पूर्वज, दाजी!"

"अरे, पण दोर..."

मेहुण्याचा आवाज उतरला. "अकरा तुटल्यात."

दाजींनी कुलूप काढलं, मुंगीच्या पावलांनी लिफ्ट वर घेतली. मेहुण्यानं हात पुसले, अर्ज काढला, अर्धा खोडला आणि खाली लिहिलं: 'जोडीदार तोच. जागा बदलाव्यात.'

"उद्यापासून छतावर तुम्ही. किल्ली, पाटी, फोन माझ्याकडे. शिकारी मचाणावरच बरा, हाकारे मी घालतो."

"आणि मला उतरवायला विसरलास तर?"

"आम्ही शेतकऱ्याची जात, दाजी. आमच्या नजरेतून काही सुटत नाही."

गेल्या महिन्याच्या यादीत त्याच दोरापुढे 'ठीक' अशी खूण होती, मेहुण्याच्या हातची.