एकशे चौसष्टचं झाकण

कारखान्यात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तेही तोंडावर. पंपांची ड्रॉइंगं काढण्यात सत्तावीस वर्षं गेली होती. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. पण कॉम्प्युटरवरसुद्धा रेघ ती रेघच. जिथे ठेवली तिथे गुमान पडून राहायची. त्यांच्यासारख्या शिस्तीच्या माणसाला तेवढं पुरे होतं.

आता शेजारच्या टेबलावर त्यांची सून बसत होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्यांची जुनी ड्रॉइंगं नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं काम तिच्याकडे होतं. तिथे म्हणे नुसत्या रेघांना किंमतच नाही. अख्खा ठोकळा उभा करायचा, त्याला मापं सांगायची, आणि एक माप बदललं की भोकं सरकतात, कडा जाड होतात, कागदावरचं ड्रॉइंगही आपसूक बदलतं. हे बघूनच फूटपट्टींना धडधडायचं. न विचारता सरकणाऱ्या वस्तूवर कुणी भरवसा ठेवायचा, तुम्हीच सांगा.

“उद्या घरातला नळ बदलला तर छप्पर वर जाईल,” ते जेवताना म्हणाले. मुलगा हसला. सून हसली नाही, आणि तेच त्यांना खटकलं.

खटकण्यासारखं आणखीही होतं. सुनेकडे एक वही होती. तिच्यात त्यांच्याच ड्रॉइंगांचे नंबर लिहिलेले त्यांनी ओझरते पाहिले होते. ते जवळ गेले की वही मिटायची. पाणी कुठेतरी मुरतंय, हे कळायला फार अक्कल लागत नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पोरगी चुका गोळा करून साहेबांना दाखवणार आणि म्हाताऱ्याला आधीच घरी बसवणार. ते स्वतःचा ड्रॉवर कुलपात ठेवू लागले. जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खायचं सोडलं.

“साप साप म्हणून भुई धोपटायची सवयच आहे तुम्हाला,” बायको म्हणाली. “तिने तुमचं काय घोडं मारलंय?”

“मारेल तेव्हा कळेल,” ते म्हणाले.

आणि पाचव्या महिन्यात बारा झाकणं वाया गेली. सुनेच्या मॉडेलवरून थेट मशीनवर गेलेली, पंपाच्या तोंडावर बसायची झाकणं. भोकं चार मिलिमीटरने चुकली होती. साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं.

“इतकी वर्षं हीच झाकणं बसत होती. आता काय झालं?”

“त्यात मापं आपोआप सरकतात, साहेब. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय,” फूटपट्टी म्हणाले. सांगताना त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी झाकणं बघून येते.”

“बघ. आणि तुम्ही जुनं ड्रॉइंग घेऊन या. तिची चूक निघाली तर सोमवारपासून तिने यायचं नाही.”

ती मशीनकडे गेली आणि फूटपट्टी टेबलाशी आले. ड्रॉइंग उघडलं. दोन भोकांमधलं अंतर एकशे चौसष्ट, ढळढळीत लिहिलेलं. तिच्या मॉडेलमध्ये एकशे साठ. आता कुठे जाशील, असं मनात म्हणत त्यांनी छापायला घेतलं. पण माणूस पक्का. छापण्याआधी त्यांनी ती रेघ कॉम्प्युटरकडून मोजून घेतली.

एकशे साठ.

त्यांनी तीनदा मोजली. मग आकड्यावर क्लिक केलं. तो कॉम्प्युटरने मोजलेला आकडा नव्हता, वरून टाइप केलेला होता. मग त्यांना आठवलं. नऊ वर्षांपूर्वी फोरमनचा फोन आला होता, बोल्ट आत घासताहेत, भोकं एकमेकांपासून आणखी चार मिलिमीटर लांब घ्या म्हणून. माल न्यायला गाडी फाटकाशी उभी होती. भोकांबरोबर बाकीची सगळी मापंही नव्याने जुळवायची तर अर्धा दिवस गेला असता. रेघेला कोण विचारतो, कारागीर आकडा वाचतो, असं म्हणून त्यांनी नुसता आकडा बदलला होता. आणि कारागिरांनी तो वाचलाही होता, नऊ वर्षं. सुनेने मात्र त्या रेघाच उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, आणि आकडा वाचणारा माणूसच मध्ये उरला नाही.

आता तेवढी एकच रेघ चार मिलिमीटर सरकवायला दोन मिनिटं लागली असती. मग जुनं ड्रॉइंग निर्दोष, आणि चूक सुनेची. त्यांनी माउस हातात घेतलासुद्धा.

“तुम्हालाही सापडलं तर,” मागून सून म्हणाली.

ती कधी आली ते त्यांना कळलं नव्हतं. तिने पर्समधून वही काढून त्यांच्यासमोर उघडली. प्रत्येक पानावर दोन रकाने, लिहिलेलं आणि मोजलेलं. त्यांच्या ड्रॉइंगांचे नंबर ओळीने खाली गेले होते.

“जुळत नाही तिथे मी तुमचा आकडा धरते. तोच खरा असतो,” ती म्हणाली. “हे झाकण घाईत गेलं, बाबा. मोजायचं राहिलं. चूक माझीच झाली.”

“साहेबांना का नाही दाखवलीस ही वही?”

“तुमची तीनच वर्षं राहिलीत. मला काय, दुसरीकडे मिळेल नोकरी.”

फूटपट्टींना आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. जिला महिनोन्‌महिने पाण्यात पाहिलं, ती त्यांच्याच चुका पदराखाली झाकत बसली होती. तिच्याकडे मान वर करून बघणं त्यांना जमेना.

“तू बस इथे,” ते म्हणाले आणि रेघेला हात न लावता ड्रॉइंग छापून केबिनमध्ये गेले.

“बोला,” साहेब म्हणाले. “कुणाची चूक?”

“माझी. नऊ वर्षांपूर्वी मी आकडा बदलला आणि रेघ तशीच ठेवली.”

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “अशी आणखी किती ड्रॉइंगं आहेत?”

फूटपट्टींनी आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना.

“मला माहीत नाही, साहेब,” ते म्हणाले. “तिला विचारावं लागेल.”