जिन्याखालचं शीड

"हे शीड नव्हेच. गोधडी आहे ही," उस्तादांनी निकाल दिला आणि बुटाच्या टोकानं ते गाठोडं जरा बाजूला सारलं.

मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. शाळेत भूगोल शिकवता शिकवता बाईंना एकाएकी समुद्र बोलावू लागला होता, आणि त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनी होडी घेतली होती. नाव खरवडलेलं, रंगावर रंग तीनदा चढवलेला, आधीचा मालक कोण ते भंगारवाल्यालाही ठाऊक नाही. त्या होडीच्या पुढच्या फळ्यांखाली हे शीड कोंबलेलं सापडलं होतं.

"पण कुणीतरी शिवलंच असेल ना?" बाई म्हणाल्या.

"मग खूण कुठंय? शीड करणारा कोपऱ्यात आपली खूण शिवतो. खूण नाही तर हमी नाही. आणि हमी नसलेल्या शिडावर आम्ही कुणाचा जीव टांगू देत नाही. धक्क्याचा नियमच आहे तो. उद्या तुकडे करून देतो, कोळशावर झाकायला बरे पडतील."

शिडांच्या कारखान्याच्या दाराशीच माझी दोर वळायची जागा. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. मी बाईंना सांगितलं की हे शीड एका कप्तानाचं. त्याला होडीसकट देवमाशानं गिळलं होतं. आतही वारा बरा होता, म्हणून गड्यानं शीड उभारलं आणि आला तोंडावाटे बाहेर. हे डाग माशाच्या पोटातले. बाई वाकून डाग निरखू लागल्या. भूगोलाच्या असूनही!

"बाई, त्याचं काही ऐकू नका," जिन्याखालून आवाज आला. "स्वतःच्या लग्नाची हकिगत त्यानं चार तऱ्हांनी सांगितलीय, आणि चारही वेळा नवरी वेगळी."

ती ठिगळआत्या.

आमच्या कारखान्याला दोन मजले. वरच्या मजल्यावर गुळगुळीत लाकडी जमीन, पायातलं काढूनच जायचं. तिथं उस्ताद खडूनं आखून नवी शिडं बेततात. खाली जिन्याखाली फाटक्या शिडांची खोली. खोली म्हणायचं आपलं, एक स्टूल, एक खिडकी आणि एक बाई. जागा इतकी अरुंद की गिऱ्हाइकानं पोत्यातून फाटका भाग तेवढा ओढून आत्याच्या मांडीवर द्यायचा, बाकीचं शीड पोत्यातच. बेचाळीस वर्षं आत्यानं हजारो शिडं पाहिली, पण प्रत्येक फक्त मांडीएवढं. "हत्ती शिवते मी, पण कानाएवढाच दाखवतात," असं ती म्हणायची.

कामाला लागली तेव्हा तिनं थोरल्या उस्तादांना, म्हणजे ह्यांच्या वडिलांना, विचारलं होतं, मला शीड बेतायला शिकवाल का? "ठिगळं लावणाऱ्या हाताला खूण नसते, पोरी," एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण सुईत दोरा ओवताना ती रोज एकदा वरच्या मजल्याच्या फळ्यांकडे बघायची. हे मला एकट्यालाच ठाऊक, कारण माझं तोंड दिवसभर त्याच दिशेला.

आत्यानं गाठोड्याचा एक पदर हातात घेतला. डोळ्यांनी बघण्याआधी ती बोटांनी बघते. बोटं शिवणीवरून चालत गेली आणि थबकली.

"हा टाका माझा आहे."

"असेल," उस्ताद म्हणाले. "एखादं ठिगळ तुझं असेल."

तिनं आणखी हातभर ओढलं. "हाही माझा." आणखी. "आणि हाही. उस्ताद, हे पसरून बघायला हवं."

"पसर की."

"इथं?"

सगळ्यांच्या नजरा आपसूक वर गेल्या. उस्तादांनी मान खाजवली. "चल वर. चपला तेवढ्या…"

"काढतात. बेचाळीस वर्षं ऐकतेय मी."

चौघांनी चार टोकं धरली आणि शीड उलगडलं. खिडक्यांमधून दुपारचं ऊन सरळ त्यावर पडलं. मी पुष्कळ खोटं पाहिलंय, म्हणजे न पाहता सांगितलंय. पण असलं काही मला खोट्यातही सुचलं नसतं. ठिगळाला लागून ठिगळ, त्याला लागून ठिगळ. पांढरी, पिवळट, विटकरी, राखी. मी मोजली. एकशे चौदा. माझे आकडे निम्मे करून घ्यायची लोकांना सवय आहे; हा एक तेवढा तसाच ठेवा.

आत्या अनवाणी त्यावर उतरली.

"हे थोरलीच्या वेळचं. सातवा महिना होता. मांडीवर पोट आणि पोटावर शीड. हे बघा, टाके कसे लांब गेलेत, हात पोचत नव्हता." दोन पावलं पुढे गेली. "हे वाकडं. तेव्हा आमचे हे दवाखान्यात होते. ही पूर्ण पट्टी धाकटी नोकरीला लागली त्या आठवड्यातली. आणि हे… चष्मा लागायच्या आधीचं शेवटचं."

"पण शीड कुणाचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"पिवळ्या बुटांचा एक खलाशी होता. वर्षातून एकदा यायचा, वल्ही मारत. शीड फाटल्याशिवाय त्याला आमची आठवण कसली? 'ताई, पुढल्या वर्षापर्यंत टिकव,' एवढंच बोलायचा. एकतीस वर्षं आला." आत्या थांबली. "गेल्या अकरा वर्षांत नाही. मला वाटलं, दुसरी कुणी शिवणारी गाठली त्यानं."

होडी भंगारात कशी आली, ते आता सगळ्यांना कळलं.

उस्ताद एव्हाना गुडघ्यांवर आले होते. रांगत रांगत ते एकेक पट्टी उलटून बघत होते. "मूळ कापड कुठंय?" ते पुटपुटले. "ह्यात मूळ कापडच उरलं नाही. सगळं तुझंच आहे." मग त्यांनी मधल्या भागाखाली तळहात घातला, आणि कापड मडक्यासारखं वर उचललं गेलं. "शिवताना दर वेळी तू थोडी ढील सोडलीस?"

"सोडावीच लागते. नाहीतर मांडीवर बसत नाही."

"वारा धरायला शिडाला पोट लागतं. ते काढायला मी इथं आठ आठ दिवस खडू घेऊन झगडतो," उस्ताद म्हणाले, "आणि तू ते मांडीवर काढलंस."



खालच्या कोपऱ्यात तेवढा तळहाताएवढा जुना तुकडा निघाला, जाळीसारखा विरलेला. त्यावर काळ्या दोऱ्याचे तीन टाके. कुणाची तरी खूण होती ती. आता वाचण्यापलीकडे गेलेली.

उस्तादांनी स्वतःची कात्री तिच्यापुढे धरली. "हे काप. तिथं तुझी खूण घाल. अख्खं शीड तुझं होईल. हमी मी देतो."

ज्या गोष्टीसाठी तिनं बेचाळीस वर्षं फळ्यांकडे पाहिलं, ती कात्रीच्या टोकाएवढ्या अंतरावर होती. आत्यानं कात्री घेतली, दोन बोटं त्या तुकड्यावर ठेवली, आणि कात्री जमिनीवर ठेवून दिली.

"पहिल्या शिवणाऱ्यानं सुरू केलं नसतं तर मी ठिगळ कशाला लावलं असतं? राहू दे बिचाऱ्याला." आणि सुई काढून तिनं त्या तुकड्याभोवती आधाराला टाक्यांची दुहेरी ओळ घातली.

हमीच्या वहीत उस्तादांचा हात अडला. "मग शिवणारा म्हणून लिहू काय?"

"जिन्याखालची, असं लिहा."

तसंच लिहिलंय. वही धक्क्यावर आहे, जाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाईंनी शीड वर ओढलं. ते आधी लटपटलं, मग वारा शिरला आणि एकशे चौदा ठिगळांचं एकच गोल पोट झालं. होडी अशी निघाली की आम्हाला हात हलवायचंही सुचलं नाही. शीड किनाऱ्याच्या टोकाजवळ दिसेनासं होईपर्यंत आत्या बघत राहिली. "पुढल्या वर्षापर्यंत टिकेल," म्हणाली, आणि कामावर आली.

खोलीच्या दाराशी एक मच्छीमार पोतं घेऊन बसला होता. सवयीनं त्यानं फाटका कोपरा तेवढा बाहेर ओढला.

"सगळं काढा," आत्या म्हणाली.

"जागा कुठंय, आत्या?"

"बाहेर आहे की."

गल्लीभर शीड पसरलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. येणारे-जाणारे कुरकुरत भिंतीला घासून जाऊ लागले. गलका ऐकून उस्ताद जिना उतरून आले. उंबऱ्याशी थांबले, कापडाकडे पाहिलं, आणि भर गल्लीत वाकून त्यांनी बूट काढले.