पांढरी पाचचा मारवा

काचेच्या नळीतला तो तांबूस ठिपका, आधी असून नसल्यासारखा, मग जरा धीट, आणि मग कापडाच्या जाळीआडून येणारी बारीकशी घरघर... वृंदा जमिनीवर गुडघे टेकून रेडिओग्रॅमच्या, रेडिओ आणि रेकॉर्ड एकत्र असलेल्या त्या जुन्या खोक्याच्या, मागच्या फटीतून बघत होती. व्हॉल्व्ह तापेस्तोवर असं बघत बसायची तिला अकरा वर्षांची सवय. तेवढ्या मिनिटभरात कन्याशाळेतला अख्खा दिवस, पेटीवर बोटं आपटणाऱ्या पोरींसकट, अंगावरून उतरायचा. पण आज रविवार होता, दुपारचे अडीच वाजले होते, आणि चार वाजता बंडेप्पा मेकॅनिक हे खोकं न्यायला येणार होता.

शेजारच्या टेबलावर नवा, रेकॉर्डही लावता येणारा ट्रान्झिस्टरचा सेट. चपटा, काळा, बटण दाबायचा अवकाश की बोलणारा. धाकट्या भावानं, गुरुराजनं, हैदराबादहून हौसेनं आणला होता. येत्या गुरुवारी अक्काची गुलबर्ग्याला आकाशवाणीवर स्वरचाचणी. तिला चांगलं ऐकायला मिळावं. चांगलं! कालपासून हा शब्द तिला टोचत होता.

काल संध्याकाळी आल्या आल्या त्यानं तिची लाडकी रेकॉर्ड नव्या सेटवर लावली. बाईंचा मारवा. रेकॉर्डवरच्या या बाईंना वृंदानं कधी पाहिलं नव्हतं, पण गुरू मानलं होतं त्यांनाच. आळंदला दुसरं शिकवणारं होतं तरी कोण? आणि पहिल्याच सुराला तिनं मान वर केली. या बाई निराळ्याच होत्या – तरुण, चपळ, जराशा उतावळ्यासुद्धा. तिनं पेटी ओढली, पट्टीवर पट्टी दाबत सूर शोधला. काळी चार. तिच्या घरात तर बाई अकरा वर्षं पांढरी पाचमध्ये गात आल्या होत्या, अर्ध्या सुरानं खाली, संथ, भारदस्त.

"तुझं मशीन पळायलंय रे," ती म्हणाली.

"न्हाई अक्का, हे सेलवर बराबर फिरायलंय. तुझंच हळू फिरतंय. दिवे लागले, डाळगिरण्या चालू झाल्या की आपल्या गावची लाईट बसते, दाब उतरतो. अन् तू नेमकी तेव्हाच लावायलीस. कामून? सकाळी कधी लावून बघितली न्हाईस?"

सकाळी मारवा! संध्याकाळचा राग संध्याकाळीच ऐकायचा, हे तिनं पोरींच्या डोक्यात घालून घालून पक्कं केलं होतं, आणि स्वतः अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. त्या शिस्तीनंच तिला फसवलं. बेशिस्त असते तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, तिला वाटलं, आणि स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आज तिनं नेम मोडला. गिरण्या बंद, दाब पुरेसा, भर दुपार – जुन्यावर सुई टेकवली. काळी चारच. म्हणजे खोकं खोटं बोलत नव्हतं. आवाजातला मऊपणा व्हॉल्व्हचा, तो आत्ताही होता. भारदस्तपणा तेवढा गावच्या विजेचा. बाईंच्या वाट्याला मग काय उरलं? पुष्कळ उरलं, हे कबूल करायलाच हवं. बाई मोठ्याच होत्या... पण तो रिषभ? त्यावरचा तो लांब थांबा, जो साधायला मी तीन पावसाळे दम वाढवत बसले, छाती दुखेपर्यंत – तो इथे तेवढा कुठेय? बाई तर थोडं आधीच पुढे गेल्यासुद्धा. त्यांनी तसा श्वास कधी घेतलाच नव्हता. मग अकरा वर्षं मी कुणाची नक्कल करत होते? तसं गाणारं या जगात कुणीच नव्हतं... माझ्याशिवाय.

हा विचार तिला मुळीच गोड वाटला नाही. आधी लाजच वाटली. गुरुवारी चाचणी, आणि आपलं सगळं गाणं लाईट बसल्यामुळे झालेलं!

बंडेप्पा चारच्या ठोक्याला आला. त्यानं दोन्ही सेट वाजवून पाहिले, मान डोलावली.

"व्हॉल्व्हचं बोलणं मऊ असतंय अक्का. ट्रान्झिस्टर साफ, पण कोरडा. मन होईना तर असं करू – नव्याची फिरती थाळी जुन्याला जोडून देतो. चालही बराबर, आवाजही मऊ. दोन्ही जमतंय."

दोन्ही. वृंदाचा जीव क्षणभर त्या शब्दात अडकला. किती सोपं होतं! पण तिला पुढचं दिसलं – तांबूस उजेड, मऊ आवाज, आणि चार दिवसांत आपण पुन्हा त्या खोक्यापुढे मान खाली घालून बसलेलो. बाईंच्या मागे मागे, या वेळी काळी चारमध्ये. तो मऊपणा आपल्याला लहान करून ठेवतो. बाईंना ऐकायचं तर आता कोरडं ऐकायचं. मोठ्या माणसासारखं, समोरासमोर.

"न्हाई बंडेप्पा. जुनं घेऊन जा."

गुरुराज खुलला. "बघ! मी कालपासून काय सांगायलोय? खरा आवाज तो खराच."

"व्हय," ती म्हणाली. त्याला निम्मंच कळलं होतं, पण भावाची हौस कशाला मोडा.

खोकं गेलं. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला. वृंदानं तंबोरा मांडीवर घेतला.

"काळी चारला लाव हं," गुरुराज म्हणाला. "अजून चार दिवस हाईत."

"पांढरी पाच."

"अगं, पण ते चुकून झालेलं हाय! बाई तर..."

"बाईंचं बाईंजवळ. मी माझं गाणार."

अंगणात अजून ऊन होतं, मारव्याला बराच वेळ होता. तिनं तरी सूर लावला. गुरुवारी स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेले लोक विचारतील, कुणाकडे शिकलात? सांगायला नाव नव्हतं. कदाचित ते नापास करतील आणि वर हसतीलही. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. तंबोऱ्यावरचं बोट ओलं झालं होतं. ती रिषभावर आली. एरवी इथून बाईंनी पुढे न्यायचं आणि तिनं जायचं... कुणी नेईना. ती तिथेच थांबली, श्वास होता तोवर, आणि मग किती थांबायचं हे आपलं आपल्यालाच ठरवायचंय हे कळून, अजून थोडी.