बाराव्या पट्टीची झिरझिर

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, पियानोपुढचा. पियानोचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याच्यावर बसून तो वाजवायचा, त्याची आठवण कोणालाही येत नाही. माझी तक्रार नाही. पण वय झालं आहे, तेव्हा आज जरा माझंही ऐका.

फर्निचरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. अक्रोडाचं लाकूड, चार गोल पाय, दोन माणसं बसतील एवढी लांबी आणि वर कातडी गादी. ही गादी म्हणजेच माझं झाकण. मागे दोन पितळी बिजागऱ्या आहेत. झाकण उचललं की पोटात वादनाची पुस्तकं ठेवायला जागा. मला पॉलिश करून झालं तेव्हा मुकादम माझ्यावर थाप मारून म्हणाला होता, "हा काही शंभर वर्षं हलायचा नाही." मी चाळिसाव्या वर्षीच हललो. पण ती गोष्ट पुढे येईल.

मला विकत घेतलं पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी. घरात त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. रस्त्याला लागून असलेल्या खोलीत मावशी शिकवायच्या. इतकी माणसं माझ्यावर बसून गेली, की कोण कसा बसतो यावरून मला तो कळू लागला. सराव न करता आलेला माणूस टोकाला टेकतो. फुशारक्या मारणारा धपकन बसतो. मावशींचा एक दंतवैद्य विद्यार्थी तर प्रत्येक चुकीला माझी कड आवळून धरायचा. त्याच्या पेशंटांचं काय होत असेल, असा विचार माझ्या मनात यायचा.

मावशींनी लहानपणापासून सांभाळलेली एक भाची होती. ती मोठी होऊन पियानो सुरात लावणारी झाली. पिशवीत हत्यारं घेऊन घरोघरी जायची, तारा पिळायची, सैल करायची. कान असा तिखट, की चमचा बशीवर पडला तरी तो कोणत्या सुरात पडला ते सांगेल. बेसूर काही ऐकलं की तिचे दात आंबायचे.

या कानापायी तिचं लग्न अडून बसलं होतं. कसा नवरा हवा याची तिने एक यादी केली होती आणि ती माझ्या पोटात, पुस्तकांच्या खाली ठेवली होती. त्याला संगीत कळलं पाहिजे. बेसूर गुणगुणता कामा नये. चहा फुरकून पिणारा नको. घोरत असेल तर निदान एका पट्टीत घोरावं. पाहुण्यांपुढे 'हिचा कान बघा' म्हणून चमचे वाजवून दाखवायला सांगणारा तर मुळीच नको.

मावशींनी ती वाचली तेव्हा डोक्याला हात लावला. "अगं, किराणामालाची यादी असती तर आजच सगळं आणून टाकलं असतं. हा माणूस कुठल्या दुकानात मिळायचा?"

पण मिळाला! एक व्हायोलिनवादक घरी येऊ लागला. देखणा, स्वच्छ, बोलायला गोड आणि हात असा सुरेल, की ऐकता ऐकता मावशींचं डाळ-तांदळाचं माप चुकायचं. चहासुद्धा आवाज न करता प्यायचा. भाचीने यादी काढली आणि एकेका ओळीपुढे खूण केली. सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या. रविवारी त्याला होकार कळवायचा, असं ठरलं.

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. फक्त तो माझ्यावर मधोमध बसायचा. भाची मग उरलेल्या जागेत, एक पाय जमिनीवर रोवून.

त्याच सुमारास झिरझिर सुरू झाली. डावीकडून बारावी पट्टी दाबली, की जाड सुराच्या मागून एक बारीक झिरझिर यायची. सूर लावणारीच्या स्वतःच्या घरात! भाचीने पियानो सात वेळा उघडला. तारा पुसल्या, स्क्रू आवळले, आत पडलेली टाचणी काढली. उघडून उभ्याने पट्टी दाबली की सूर स्वच्छ. मिटवून, बसून वाजवायला घेतलं की पुन्हा झिरझिर.

"तुला भास होतोय," व्हायोलिनवादक म्हणाला. "मला तर काहीच ऐकू येत नाही. आणि असलं तरी एवढ्याने काय बिघडतं? लग्नानंतर हा जुना पियानो काढून टाकू. नवीन घेऊ."

भाचीने पियानो मिटला. तो गेल्यावर मात्र मावशींना म्हणाली, "मावशी, सगळं जुळतंय गं. मग माझं मन का घेत नाही? कदाचित मीच खुळी आहे. नसलेलं ऐकणारी."

मला फार वाईट वाटलं. पियानो गेला की बाकाला कोण विचारतं, हे तर होतंच. पण ही मुलगी स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवायला लागली, हे मला सोसेना.

शनिवारी दुपारी सुतार आला. खोलीच्या दाराचा अडसर बसत नव्हता, म्हणून मावशींनी बोलावला होता. चहा दिला तर असा फुरकला, की भाचीने डोळे मिटले. रंधा मारताना काहीतरी गुणगुणतही होता. कुठल्या सुरात, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भाची बारावी पट्टी दाबत होती. चाळीस वेळा, पन्नास वेळा. अशा वेळी माणसं कानात बोटं घालून पळतात. सुतार काम थांबवून उभा राहिला.

"काही शोधताय का?"

"एक झिरझिर आहे. तुम्हाला ऐकू येते?"

"नाही बा. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला येतेय ना? मग असणारच कुठेतरी. पुन्हा वाजवा."

तिने वाजवली. त्याने पियानोच्या लाकडावर तळवा ठेवला. "पुन्हा." मग खिडकीवर. कपाटावर. गुडघे टेकून फरशीवर. प्रत्येक वेळी "पुन्हा", आणि तीही दाबत राहिली. शेवटी तो मागे आला आणि माझ्या मागच्या कडेवर हात ठेवून थांबला.

"आता उभं राहून वाजवा." तिने वाजवली. "आता बसून." तिने वाजवली. तो हसला. "पियानोत काही नाही हो. हा बाक थरथरतोय. तुम्ही पुढे बसता, झाकण मागून उचललं जातं आणि सैल बिजागरी वाजते. उठलात की गप्प."

होय मित्रांनो, चोर मीच होतो, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

भाचीने वाकून बिजागरी हलवून पाहिली. दोन महिने ती तारांमध्ये शोधत होती. सूर लावणारीला दुसरीकडे शोधावंसं वाटलंच नव्हतं. मग ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

सुताराने स्क्रू आवळले. "भोक मोठं झालंय. मागे घडी करून घालायला जरा जाड कागद द्या."

तिने माझं झाकण उचललं, पुस्तकं बाजूला केली आणि तळाची यादी काढली. क्षणभर हातात धरली.

"हा चालेल?"

"कामाचा नाही ना?"

"लिहिला तेव्हा होता."

त्याने न वाचता कागदाची चौघडी केली, ती डाव्या बिजागरीमागे दाबून बसवली आणि स्क्रू घट्ट केला. तिने बारावी पट्टी दाबली. सूर शेवटपर्यंत स्वच्छ गेला.

रविवारी होकार गेला नाही. सोमवारी तिने सुताराला बोलावलं, अडसर अजून अडकतोय म्हणून. अडसर मुळीच अडकत नव्हता. मावशींनी हे ओळखलं आणि गुपचूप चहा टाकला.

त्यालाही बरीच वर्षं झाली. आता संध्याकाळी दोघं माझ्यावर बसतात. तो डावीकडे, आपल्या अर्ध्या भागातच. त्याला एकच पट्टी वाजवता येते, बारावी. ती मान हलवते, तो दाबतो. कधी जरा उशिरा. चहा अजून फुरकतो. ती डोळे मिटते, पण उठून जात नाही. मी सुखात आहे.

तेव्हा मित्रांनो, बाकाला फरफटवू नका, दोघांनी धरून उचला. स्क्रू अधूनमधून बघत जा. आणि घरात कोणी 'मला काहीतरी ऐकू येतंय' म्हणालं, तर भास म्हणून मोडीत काढू नका. 'पुन्हा वाजव' म्हणा. फक्त माझी डावी बिजागरी कोणी उघडू नका. तिच्यामागचा कागद अजून कामात आहे.