निघायचा सीन

शहादेवने ट्रॅक्टर चौथ्यांदा मागे घेतला आणि मारुतीच्या पाराशी आणून उभा केला. मागच्या ट्रॉलीत बिऱ्हाड रचलेले होते. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, प्लास्टिकच्या पिंपात कोंबलेली भांडी, वर उलटी टाकलेली बाज. सिनेमासाठी यातले काहीच मांडावे लागले नव्हते. शिरूर कासारजवळच्या त्या गावातली टोळी उद्या सकाळी खरोखरच ऊसतोडीला निघायची होती. म्हणजे जे काय करायचे ते आजच. उद्या ट्रॅक्टर जाणार, बिऱ्हाड जाणार, आणि सिनेमातली आई झालेली वर्षाराणीची सख्खी आईही जाणार.

"माय, किती बार सांगू?" वर्षाराणी ट्रॉलीला हात टेकून म्हणाली. "ट्रॉली हालली की मनात दहा मोजायचं अन् मागं वळून पोरीकडं बघायचं. एवढंच."

"समजलंय मला," मंजुळाबाई म्हणाली. "मी न्हाई वळत."

बाकी सगळे ती झकास करत होती. चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढणे, पोत्यावर बूड टेकून पदर खोचणे, हे कुठल्याही शिकलेल्या नटीला जमले नसते. पण वळायची वेळ आली की तिची मान दावणीच्या खुंट्यासारखी ताठ.

पाराच्या कडेला शेजारची छबुबाई मघापासून तयारीत बसली होती. गावात शूटिंग आल्यापासून तिने तीन लुगडी बदलली होती.

"मी वळते की गं," ती म्हणाली. "म्हणशील तर रडते बी."

बीडला लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या अंगदने कॅमेऱ्यामागून मान वर केली. "ताई, घ्या काकूला. ऊन चाललंय."

वर्षाराणीला ते पटत होते आणि मुळीच नको होते. लहानपणी सात वर्षे ती याच पारावर चुलतीचे बोट धरून उभी राहिली होती. सातही वर्षे आई ट्रॉलीत बसून गेली आणि एकदाही तिने मागे पाहिले नाही. याचा राग वर्षाराणीच्या मनातून अजून गेला नव्हता. पुण्याला जाऊन ती सिनेमा शिकली, तेव्हा पहिला हाच सीन तिने लिहिला. पटकथेचे अकरा खर्डे झाले, सगळे इकडचे तिकडे झाले, पण 'आई मागे वळून पाहते' ही ओळ तिने हलू दिली नव्हती. ती ओळ छबुबाईकडून करून घेण्यात तिला काडीचाही अर्थ वाटेना.

ती ट्रॉलीत चढून आईजवळ उकिडवी बसली.

"कावून वळत न्हाईस? सिनेमाच तर हाय."

"सिनेमा आपल्या बाया बघतील का न्हाई? हसतील मला." मंजुळाबाईने आवाज खाली आणला. "आईनं मागं बघितलं की लेकरू पळत येतंय. सत्यशीलाची पोरगी तशीच आलती ट्रॉलीमागं. चाकापासनं वीतभर राहिलती. तवाच टोळीतल्या बायांनी ठरवलं, कुणी मागं बघायचं न्हाई. रिवाजच हाय आपल्यात."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"लेकराला सांगत असतेत का हे?"

वर्षाराणी खाली उतरली. कागद काढून तिने ती ओळ पेनाने खोडली, दोनदा खोडली.

"मग सीनच काढून टाकायचा का?" अंगदने विचारले.

"न्हाई."

ती कॅमेऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर तिनेच तो लावून घेतला होता. तिथून आईची पाठ दिसत होती. इतक्या वर्षांत आपण दुसरे काही पाहिलेलेच नाही, आणि पाठीवरूनच सगळी गोष्ट रचत बसलो, हे तिला आता कळले.

"कॅमेरा ट्रॉलीत घे," ती म्हणाली. "ट्रॅक्टरकडं पाठ करून बस. मायचं तोंड दिसलं पायजे, अन् तिच्या खांद्यामागं पारावरची पोरगी."

"अर्धा तास जाईल ताई. उजेड ऱ्हायचा न्हाई."

"जाऊ दे. मी दोरी बांधते, तू पोती हलव."

पोती हलली, कॅमेऱ्याची तिवई दोरीने जखडली गेली. वर्षाराणी अंगदच्या शेजारी अंग चोरून बसली. पारावर तिची भाची करिष्मा शिकवल्याप्रमाणे उभी राहिली. वर्षाराणीने हात खाली केला आणि ट्रॉली हलली.

मंजुळाबाई समोर बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, बोटे पोत्याच्या सुतळीशी चाललेली. बांधलेली गाठ ती सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. खांद्यामागे करिष्मा लहान होत गेली. शेवटची घरे मागे पडली. रस्ता ओढ्याकडे उतरला आणि बाभळींच्या आड पार दिसेनासा झाला. कागदावरचा सीन इथे संपत होता. वर्षाराणीने कट म्हणायला तोंड उघडले.

तेवढ्यात मंजुळाबाईने सुतळी सोडली. अख्खे अंग वळवून ती मागे बघू लागली. मागे बाभळींशिवाय काहीच नव्हते, तरी ती बघत राहिली.

"माय," टेक चालू आहे हे विसरून वर्षाराणी म्हणाली, "आता कावून वळलीस?"

"हितं वळले की पारावरनं तुला दिसायचं न्हाई," मंजुळाबाई तिकडे बघतच म्हणाली.

अंगद कट ऐकायची वाट बघत राहिला. वर्षाराणी आईबरोबर बाभळींकडे बघत बसली, आणि शहादेव आपला ट्रॅक्टर पुढेच नेत राहिला.