सोडायची नाही, पोचवायची

मशीन घ्यायला जायचं म्हणून काकूंनी दुपारचे पाव सकाळीच भाजून टाकले आणि बेकरीच्या दाराला 'आज लवकर बंद' अशी पाटी लावली. एकतीस वर्षांत ती पाटी दोनदाच बाहेर आली होती. एकदा मुलगा झाला तेव्हा, आणि एकदा तो दातांचा डॉक्टर झाला तेव्हा. तिसऱ्यांदा ती लागली लाकडं कापायच्या एका चेनसॉसाठी. हसायचं तर खुशाल हसा, पण काकूंचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

तसं कारणही साधं नव्हतं. बेकरीची भट्टी लाकडावर चालायची. लाकूडवाला यायचा, मांडीएवढे जाड ओंडके मागच्या अंगणात टाकायचा आणि निघून जायचा. कापणं-बिपणं त्याच्या खात्यात नव्हतं. ते काम काका आणि काकूंचं. ओंडका लाकडी घोडीवर आडवा ठेवायचा, करवतीचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं काकूंच्या. दोघांनी ओढायच्या करवतीचा नियम एकच असतो. आपली पाळी आली की ओढायचं, समोरच्याची आली की हात सैल सोडायचा. कुणी शहाणपणा करून ढकललं की पातं वाकतं आणि मग नवरा-बायकोचं जे व्हायचं ते होतं. म्हणून काका ताल धरायचे. "ओढ... सोड... ओढ... सोड..." मुलगा लहान होता तेव्हा त्याची झोळी अंगणातच टांगलेली असायची. हा ताल थांबला की पोरगं उठून भोकाड पसरायचं, सुरू झाला की गप.

मागच्या थंडीत काकांचा उजवा खांदा गेला. गेला म्हणजे असा गेला, की शर्टाची बाही घालायलाही काकू लागायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, करवतीला पुन्हा हात लावायचा नाही. मग कापायला माणूस लावून पाहिला. त्याने एक तुकडा हातभर कापला, एक वीतभर. भट्टी एका बाजूला पेटली, एका बाजूला रुसली. निम्मे पाव कोळसा, निम्मे कच्चे. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, ते काकूंना जास्त लागलं.

"सोडा आता ती भट्टी," मुलगा म्हणाला. एकदा म्हणाला असता तर ठीक होतं. जेवताना म्हणाला, फोनवर म्हणाला, पेशंटच्या तोंडात हात घालूनसुद्धा म्हणाला असेल, काय सांगावं. शेवटी त्याने न विचारता एक इलेक्ट्रिक ओव्हन बुकही करून टाकला. सोमवारी येणार म्हणे. भट्टी फोडायची आणि तिथे ते स्टीलचं कपाट बसवायचं.

पण रडत बसणाऱ्यातल्या काकू नव्हत्या. "मी मशीनने कापते," त्या म्हणाल्या.

"तू?" मुलगा म्हणाला. "आई, तुझं वय काय, तुझी उंची काय!"

"उंचीने कापत नाहीत रे."

बराच वेळ वाजलं. मग मुलाने अट घातली. "ठीक आहे. मशीन घेऊ. पण ते तुझं तुला सुरू करता आलं पाहिजे. बाबांनी हात लावायचा नाही, मीही नाही. जमलं तर ओव्हन रद्द. नाही जमलं तर भट्टी बंद, आणि मग पुन्हा तो विषय काढायचा नाही."

"चालेल!" काकू इतक्या पटकन म्हणाल्या, की काकांच्या हातातला चहा सांडला.

तर शनिवारी तिघं दुकानात गेले. दुकान कसलं, मशिनांची जत्राच. भिंतीवर केशरी, हिरवी, पिवळी मशिनं ओळीने टांगलेली, खाली ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास. काकूंना तो वास एकदम आवडला. दुकानदार जाड चष्म्याचा, बोटं काळीकुट्ट, पण माणूस लाघवी.

"कुणासाठी बघायचंय?" त्याने काकांकडे बघत विचारलं.

"माझ्यासाठी," काकू खालून म्हणाल्या. दुकानदाराने चष्मा वर केला, काकूंना पाहिलं आणि चष्मा खाली घेतला. शहाणा होता, सरळ मशिनं दाखवायला लागला.

काकांचा जीव पहिल्याच नजरेत भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या मशीनवर जडला. पातं हे एवढं लांब. "हेच घेऊ. एकदाच घ्यायचं तर दणकट," ते म्हणाले. काकूंनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि लगेच ठेवून दिलं.

"हे मशीन आहे की म्हशीचं रेडकू?" त्या म्हणाल्या. "ह्याला रोज खायला कोण घालणार?"

मुलाला बॅटरीवालं आवडलं. सुरू करायला दोरी ओढणं नाही, धूर नाही, बटण दाबलं की झालं. काकूंनी बटण दाबलं. मशीन नुसतं गुणगुणलं. दुकानदाराने खरं ते सांगितलं, "अंगणातल्या फांद्या छाटायला उत्तम. पण तुमच्या ओंडक्यांना अर्ध्या तासात झोपेल हे." मुलाचं तोंड उतरलं, काकूंचं खुललं.

मग दुकानदाराने मधल्या ओळीतलं एक मशीन काढलं. सोळा इंची पातं, वजन बेताचं, मूठ रबराची. काकूंनी ते उचललं. डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने मूठ पकडली. स्वतःच्या मुलाला पहिल्यांदा उचललं होतं तेव्हा जसं हाताला लगेच कळलं होतं, तसंच कळलं. "हे," त्या म्हणाल्या. "अहो, हेच!"

मागच्या अंगणात कापून बघायला एक ओंडका ठेवलेला होता. दुकानदाराने मशीन एकदा स्वतः सुरू करून दाखवलं, बंद केलं आणि जमिनीवर ठेवलं. मागच्या मुठीत उजवा पाय, पुढच्या मुठीवर डावा हात, आणि उजव्या हाताने दोरी. "ओढा," तो म्हणाला.

काकूंनी ओढली. चांगली जोरात ओढली. आणि पुढच्याच क्षणी हात सैल केला.

फाट्! दोरीची मूठ सुसाट मागे गेली आणि मशीनवर आपटली. दुकानदाराने कपाळावर हात मारला. कपाळाला ग्रीस लागलं.

"काकू, अशी सोडू नका! आतली स्प्रिंग तुटेल."

"बरं, बरं." काकूंनी पुन्हा ओढली. फाट्!

तिसऱ्यांदाही तेच. मुलगा हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हता, पण काकू त्याची आई होत्या. 'मी म्हणालो होतो ना' असं त्याच्या कपाळावर लिहिलेलं त्यांना स्वच्छ दिसत होतं. भट्टी गेली, भट्टी गेली, एवढंच काकूंच्या डोक्यात घुमायला लागलं.

दुकानदाराने मात्र कान टवकारले होते. तो काकांकडे वळला. "काका, तुम्ही मागून काय पुटपुटताय?"

"मी? मी कुठे काय!"

"त्यांनी ओढली, तुम्ही काहीतरी म्हणालात, आणि त्यांनी सोडली. तिन्ही वेळा."

काका गोरेमोरे झाले. तोंडातल्या तोंडात 'ओढ, सोड' चाललेलं होतं त्यांचं. त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता, आणि काकूंच्या हाताला त्या शब्दाशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एकतीस वर्षं मुरलेलं, ते कुठे जातंय!

सगळा प्रकार कळल्यावर दुकानदार पोट धरून हसला. मग म्हणाला, "हे बघा. ही दोरी सोडायची नसते, पोचवायची असते. शाळेतून पोराला हात धरून घरी आणतो ना, तशी. दारापर्यंत मूठ हातातच."

"पोचव," काकांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "ओढ... पोचव. जमेल."

ओढ. पोचव. ओढ. पोचव. दुसऱ्या झटक्याला मशीन असं काही गर्जलं की काकू स्वतःच किंचाळल्या. ओंडक्याला पातं लावलं आणि भाकरीएवढी गोल चकती मऊ पाव कापावा तशी खाली पडली. काकूंनी ती उचलून छातीशी धरली. "बघितलंस? बघितलंस?" त्या मुलाला म्हणत होत्या.

मुलगा नियमाचा पक्का. "आई, हे गरम इंजिन होतं, ते आधी सुरू केलेलं. आणि बाबा बोलत होते. उद्या सकाळी, आपल्या अंगणात, थंड मशीन. तीन झटके. आणि बाबा, तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही."

दुकानदाराने निघताना थंड मशीनचा मंत्र दिला. चोक, म्हणजे बाजूचा तो छोटा खटका, पूर्ण ओढायचा. दोरी ओढत राहायची. इंजिन एकदा खोकेल आणि मरेल. ते खोकलं की चोक अर्ध्यावर आणायचा, मग ओढायची, की झालं. "खोकल्यावरही चोक पूर्णच ठेवलात तर पेट्रोल तुंबेल आणि मग देवही सुरू करणार नाही." आणि आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून कानांवर लावायला त्याने जाड गोल कानटोप दिले.

घरी येताना काकूंच्या मांडीवर खोका होता आणि तोंडाची टकळी चालू होती. काका मात्र आपला खांदा चोळत बसले होते.

"काय झालं हो?"

"काही नाही." मग म्हणाले, "अगं, आता ते एकटीनेच चालवायचं. समोरचं टोकच नाही त्याला. माझं काय काम?"

काकूंना एवढ्या आनंदात हे सुचलंच नव्हतं. त्यांना एकदम वाईट वाटलं. त्यांनी खोक्यावरचा एक हात काढून काकांच्या गुडघ्यावर ठेवला.

रविवारी सकाळी अंगणात घोडी मांडली, ओंडका चढवला. काका सवयीने घोडीपलीकडे आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले, रिकाम्या हातांनी. मुलगा भिंतीला टेकून. काकूंनी कानटोप चढवले आणि जग बंद झालं.

चोक पूर्ण. ओढ, पोचव. काहीच नाही.

ओढ, पोचव. हाताला कसलासा हिसका बसला. कानांना काही कळलं नाही. एक झटका उरला होता. काकूंनी मूठ आवळली, हात मागे न्यायला लागल्या आणि ओढण्याआधी नेहमी बघायच्या तसं समोर बघितलं.

काका खोकत होते. साधं नव्हे, छातीला हात लावून, कमरेत वाकून, तोंड लालबुंद करून. अरे देवा, ह्यांना काय झालं? काकू उठणारच होत्या, तेवढ्यात काकांनी वाकल्या वाकल्या एक डोळा मिचकावला.

खोकला! इंजिन खोकलं होतं, आणि काकूंना ऐकूच आलं नव्हतं.

त्यांनी चोक अर्ध्यावर आणला. ओढ...

मशीन गर्जलं. सगळं अंगण थरारलं, वळचणीची पाखरं उडाली. काकूंनी साखळीचा ब्रेक सोडला, पातं ओंडक्यावर टेकवलं, भुशाचा फवारा उडाला आणि दीड वितीचा तुकडा बरोबर मापात खाली पडला. मग दुसरा. मग तिसरा. थांबायचं कुठे ते काकांनी हात वर करून सांगितलं, कारण कानटोपांतून दुसरं कुणी सांगूच शकलं नसतं.

मशीन बंद झालं तेव्हा मुलगा पुढे आला. "बाबा, बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"बोललो कुठे? खोकलो," काका म्हणाले. "थंडी आहे जरा."

"अहो, तुम्ही समोर नसतात तर मी गेले होते," काकू कानटोप काढत म्हणाल्या. "रोज इथेच उभं राहायचं. कान तुमचे, हात माझे. कळलं?"

काकांनी नुसती मान हलवली. त्यांना खरंच ठसका लागला होता.

मुलाने खिशातून फोन काढला आणि तो भिंतीकडे वळला. "हॅलो... उद्याचा तो ओव्हन... हो, रद्द करा. नाही, पुढे ढकलू नका, रद्दच." फोन ठेवून तो तसाच घुटमळला. मग मशीनकडे बघत, लहानपणी गरम पाव मागायचा त्याच आवाजात म्हणाला, "आई, मला एकदा ओढू देतेस?"

"ये की! चोक आता नको, गरम आहे ते."

दातांच्या डॉक्टरने बाह्या वर केल्या, पाय मुठीत घातला, दोरी धरली. जोरात ओढली. आणि हात सैल सोडला.

फाट्!

मुलगा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. "मी... मला माहीत होतं ना, सोडायची नाही ते," तो म्हणाला. "हातच गेला."

"जाणारच," काकू म्हणाल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते. "झोळीत पडून तेच तर ऐकत होतास." त्यांनी वाकून दोरीची मूठ पुन्हा त्याच्या हातात दिली आणि वरून आपला हात धरला. काका घोडीपलीकडे आपल्या जागेवर उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"ओढ," ते म्हणाले. "हं. आता पोचव."